वीस सुया, तीनदा नको

कॅम्प एक, टिनाची लाईन, भिलाई
भाद्रपद शुद्ध अष्टमी, शके १८७९

सौ. पंचफुलाबाई, आमच्या विहीणबाई, मुक्काम लाखनी, यांना भिलाईच्या ठकूबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मुलाची आई मी, म्हणजे आधी नमस्कार तुमचा यायला हवा होता, पण तुमच्या पत्रात नुसता हुकूम आला, आणि नमस्काराची वाट पाहत बसले तर टपालाची पेटी गंजून जाईल, म्हणून मीच कमीपणा घेतला. आमच्या घरी सगळे जिवंत आहेत. या वर्षी याच्यापेक्षा जास्त खुशाली कोणी कोणाला कळवत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याहीबुवांचा खोकला थांबला का, की अजून पाहुणा दिसला की मुद्दाम खोकतात? हे पत्र तुम्हाला पुंडलिक वाचून दाखवत असेल. बाबा पुंडलिका, मोठ्यानं वाच. तुझ्या आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि उजव्या कानानं फक्त माझ्या चुका ऐकू येतात.

पत्र कोणाच्या हातचं आहे ते अक्षरावरून कळलंच असेल. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग; आयुष्यात एकदा कागदावर अंगठा लावला, तोही म्हणे उलटा लागला. म्हणून सांगणार मी आणि लिहिणार तुमची लेक सिंधू. म्हणजे तुमच्या लेकीची तक्रार मी तुमच्याकडे करणार आणि ती तक्रार तुमची लेकच आपल्या हातानं लिहून देणार. असा न्याय दुर्गच्या कचेरीतसुद्धा मिळत नाही. (हसते आहे. म्हटलं, हसलीस तेही लिही.) आणखी एक, मी ‘मले’ म्हणते आणि ही ‘मला’ लिहिते. वाचून दाखवायला लावलं तेव्हा कळलं. म्हणाली, पत्रात असंच लिहितात आत्याबाई. म्हटलं लिही माय, तू चौथी पास. पण विहीणबाईंना वाटेल, ठकूबाईच्या जागी कोणी मास्तरीण येऊन बसली.

त्यात भर अशी, की आम्ही दोघी सध्या एका खोलीत नाही. मी समोरच्या शकुबाईच्या दारात बसून सांगते आहे, ती आपल्या दारात बसून लिहिते आहे, आणि मध्ये दहा हात गल्ली. (मारोतराव मुकादम आपल्या खाटेवरून सांगतात की आठ हात. ते तापातून उठले आहेत म्हणून वाद घातला नाही.) कावून, तर मी परवापासून रुसले आहे. तुमच्या लेकीनं वरणात मीठ घातलं नाही. मी बोलले, ती गप्प राहिली. सासू बोलली आणि सून गप्प राहिली, तर सासूनं पुढे काय करावं? मी वाकळ उचलली आणि शकुबाईकडे राहायला आले. शकुबाई कॅम्पच्या दवाखान्यात आया आहे, एकटा जीव, दिवसभर दुसऱ्यांच्या तापात असते, खोली रिकामीच. नात अन्नपूर्णा अधूनमधून दारात येऊन विचारते, आजी, तुझा रुसवा कधी संपते? म्हटलं, तुझी माय मीठ घालायला शिकली की. पोरगी चार वर्षांची आहे पण तिनं मान अशी हलवली, जशी मी खोटं बोलते आहे हे तिला माहीत आहे. डिट्टो तुमच्यावर गेली आहे.

आता तुमच्या पत्राचं उत्तर. भिलाईत साथ आहे, लेकीला सातवा महिना आहे, ताबडतोब माहेरी धाडा, असा हुकूम तुम्ही सोडला. हुकूम डोक्यावर घेतला. पण विहीणबाई, धाडू कशात? गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही आणि जो बसला आहे तो खोकतो आहे. दवाखान्याचा डॉक्टर म्हणाला, या बाईला गाडीत बसवाल तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका. आणि लाखनीत साथ नाही असं तुम्ही लिहिलं आणि त्याच पत्रात खाली लिहिलं की पाटलाच्या घरचे सात जण निजले आहेत. ते काय दुपारच्या जेवणानं निजले?

आमच्याकडचं विचाराल तर हा ताप असा काही उंच आहे, की ज्या माणसांनी कारखान्याची चिमणी उभी केली ती माणसं लोटा उचलू शकत नाहीत. तीन दिवस अंग फुटतं, डोळ्यांतून पाणी, आणि मग आठ दिवस माणूस ओल्या गोधडीसारखा. भोंगा वाजतो आणि निम्मी लाईन उठतच नाही. टिनाच्या भिंती, इकडे शिंकलं की तिकडे अंथरूण हलतं. आमचा देवीदास सुटला आहे अजून, पण ज्यांनी निजायचं ते निजले म्हणून त्याच्या दोन-दोन पाळ्या होऊन राहिल्या. घरी येतो, ताटाकडे पाहतो आणि ताटासमोरच डोळे मिटतो. मी थकले बाई. साथीनं नाही, साथ कोणाला आली याचा हिशेब ठेवून थकले. सकाळी नळावर कोण आलं नाही ते पाहायचं, म्हणजे त्याच्या दारी पेज पोचवायची. हा माझा उद्योग. नळाची रांग मी लावते हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही आला होता तेव्हा तुमचा पाण्याचा गुंड मी रांगेत मागे लावला होता, त्याचा राग अजून आहे असं ऐकते.)

तर झालं असं, की पोळ्याच्या आधी पंधरा दिवस डॉक्टर स्वतः लाईनीत आला. मद्रासकडचा आहे, पोरगेलासा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो आमच्याशी हिंदी बोलतो, आम्ही त्याच्याशी हिंदी बोलतो, आणि दोन्ही हिंद्या एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणाला, या तापाची लस आली आहे, पण थोडी. तुमच्या लाईनीच्या वाट्याला वीस सुया. लाईनीत बत्तीस खोल्या आणि दीडशे माणसं. कोणाला द्यायच्या ते मी ठरवलं तर तुम्ही म्हणाल डॉक्टरनं तोंड पाहून दिल्या. म्हणून तुम्हीच यादी करा, तुम्हाला घराघरातलं माहीत आहे. एवढं बोलून तो शिंकला आणि गेला. आम्ही सगळे त्याच्या शिंकेकडे पाहत राहिलो.

संध्याकाळी नळाजवळ बैठक बसली. मारोतराव म्हणाले, ज्यांच्यावाचून काम अडतं त्यांना आधी. त्यात पहिले ते. कावून, तर मुकादमाला ओरडावं लागतं आणि ओरडायला छाती लागते. केवलराम म्हणाला (रेल्वेत पॉइंट्समन आहे, नागपूरकडचा, दुर्गला ड्यूटीला जातो, हे पत्र तोच टपालात टाकणार), म्हणाला, नळाचा नियम सगळ्यांना मान्य आहे, तोच लावा; ज्याचं भांडं आधी, त्याची सुई आधी. सगळे हो म्हणाले आणि तीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळापुढे गुंड, चरव्या, डबे, एक फुटकी कढई आणि दोन विटा, अशी शंभरावर भांडी रांगेत, आणि पाणी भरायला नळापर्यंत पोचायला वाट नाही. एकट्या केवलरामच्या बायकोची पाच. विचारलं तर म्हणाली, दोन आमची, एक सासऱ्याचं, ते नागपूरला असतात, आणि दोन होणाऱ्या लेकरांची. म्हटलं, सुनबाई, दिवस गेले का? म्हणाली, अजून नाही, पण जागा धरून ठेवली.

शेवटी सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, आपल्या पंगतीत वाढपी शेवटी जेवतात. या पंगतीत उलटं करा. वाढपीच आडवा झाला तर अख्खी पंगत उपाशी. म्हणून जे दुसऱ्यांच्या तापात हात घालतात ते आधी: शकुबाई, पाणीवाला, खानावळीत भात शिजवणारे. मग ज्यांच्या पोटात लेकरू आहे त्या, कारण तिथे एका सुईत दोन जण जेवतात. मग ज्यांची छाती वाजते ते आणि म्हातारे. आणि जे उरेल ते उंचावर चढणाऱ्यांत चिठ्ठ्या टाकून, म्हणजे ज्याला नाही मिळाली त्यानं माझ्यावर नाही, चिठ्ठीवर रागवावं. (देवीदासची चिठ्ठी निघाली नाही. तो चिठ्ठीवरसुद्धा रागवला नाही, असा गरीब नवरा तुम्ही लेकीला शोधून दिला, यात तुमचं कौतुक नाही, माझं आहे.) तीन दिवस वाद चालला, पण यादी झाली. म्हाताऱ्यांमध्ये माझं नाव घालायला निघाले तेव्हा मी म्हटलं नको, मला कशाला, माझा दमा जुना आहे, तो नव्या तापाला आत येऊ देणार नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी म्हटलं, बरं, तुमचं मन मोडत नाही. तुम्ही हसू नका विहीणबाई. लग्नाच्या पंगतीत तुम्ही जिलबीला किती वेळा नको म्हणाला होता आणि किती जिलब्या खाल्ल्या होत्या, दोन्ही मी मोजल्या आहेत.

यादी सिंधूनं लिहिली. वर श्री, आणि श्रीच्या खाली मारोतराव, कारण कागदावर पहिलं नाव मुकादमाचं असणं हा मान आहे, मग त्यांची छाती वाजो की न वाजो. (खाटेवरून आवाज आला की वाजते. वाजते म्हणून लिहिलं.) त्याखाली वाढपी, मग पोटुशा, त्यात सिंधू, आणि बऱ्याच खाली मी. एवढी नेकीची यादी या कॅम्पात याआधी झाली नसेल. मी त्या दिवशी जरा ताठ चालले. मग त्याची शिक्षा मिळाली.

सुयांच्या दिवशी डॉक्टर टेबल मांडून बसला. पाठीमागच्या लाईनीतले लोक मजा पाहायला उभे. ते कोणी ओरिसाकडचे, कोणी तेलुगू. शकुबाई दवाखान्याची माणूस, तिला सकाळीच टोचली होती, ती कापूस धरून उभी. डॉक्टरनं शिशी फोडली आणि सांगितलं, ही आता संध्याकाळपर्यंत संपलीच पाहिजे, उद्या फुकट. मग पहिलं नाव पुकारलं. मारोतराव. ज्या माणसानं या एका सुईसाठी तीन दिवस नळ बंद पाडला होता, तो धोतर सावरून पुढे गेला, हात जोडले आणि म्हणाला, “नाही साहेब, मले नको. आधी लोकाइले द्या.”

आणि डॉक्टरनं नाव खोडलं.

विहीणबाई, आपल्यात कोणी पहिल्यांदा नको म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो ते तुमच्या-माझ्यासारखीला सांगायला नको. पाट मांडा, पाणी ठेवा, हाताला धरून बसवा, असा त्याचा अर्थ. मारोतराव तिथेच उभे राहिले, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत. डॉक्टर दुसरं नाव पुकारत होता. आता मुकादम नको म्हणाला म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत पाणीवाला हो कसा म्हणेल? तोही म्हणाला नको साहेब. खोडलं. खानावळवाले दोघे, नको. खोडलं, खोडलं. मग सिंधूचं नाव आलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. सासू मागे उभी असताना सून आधी कशी दंड पुढे करेल? म्हणाली, आधी आत्याबाईंना द्या. आणि मी, जिनं ही यादी केली, जिनं यादीत पोटुशीला माझ्या वर बसवलं, मला तिथे गुमान तोंड बंद ठेवायचं होतं. पण साठ वर्षांचं तोंड, ते आपोआप उघडलं. म्हटलं, “नको नको, मले कावून? आधी तिले.” डॉक्टरनं दोघींकडे पाहिलं, मान डोलावली आणि एकाच रेघेत दोघींना खोडलं.

त्याचा दोष नाही. जबरदस्ती कोणावर करायची नाही असं त्यानं ठरवलंच होतं. कुठल्याशा गावात देवी टोचायला गेला तेव्हा लोकांनी त्याच्या कंपाउंडरला विहिरीपर्यंत पळवलं होतं. त्याला वाटलं, हे लोक सुईला भितात पण सभ्य आहेत, हात जोडून नाही म्हणतात. शिशी तर फुटलेली. त्यानं मागच्या लोकांना विचारलं, तुम्हाला हवी का? ते पहिल्याच वेळी हो म्हणाले आणि बाह्या वर करून पुढे आले. आमच्या वीस सुयांतल्या एकोणीस पाठीमागच्या लाईनीला गेल्या. त्यांनी चोरल्या नाहीत, विहीणबाई. विचारलं, हो म्हणाले, मिळालं. इतकं सोपं असतं हे मला साठाव्या वर्षी कळलं.

आम्ही सुईवाचून घरी आलो. मारोतराव चौथ्या दिवशी तापानं पडले. मी पेज घेऊन गेले, तर कपाळावरची ओली पट्टी बाजूला करून म्हणाले, “ठकूबाई, त्यानं दुसऱ्या खेपी विचारलं कावून नाही?” मला हसू आलं आणि मग आलं नाही. आमच्या लाईनीतल्या चंपतची माय यादीत माझ्या खालीच होती. तिनं तर मला पाहून नको म्हटलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणतो, लस घेतली असती तरी उपयोग नव्हता, लसीला अंगात मुरायला पंधरा दिवस लागतात. तो शिकलेला आहे, खरं बोलत असेल. मी मात्र नळावर तिचा गुंड जिथे असायचा तिथे अजून कोणाला भांडं ठेवू देत नाही.

सुयांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. चिखलातून अर्धा कोस, वाटेत तीनदा बसले. डॉक्टरला म्हटलं, साहेब, आमच्यात नको म्हणजे नको नसतं, तीनदा विचारायचं असतं. तो म्हणाला, “आमच्या गावीही कॉफीला असंच म्हणतात, आजी. पण सुईला?” मग विचारलं, तुमचं खरंच नको असेल ते मी ओळखायचं कसं? म्हटलं, खरंच नको असलं की आमचा माणूस तिथे थांबत नाही. आमचा एक तरी उठून गेला का? त्यानं चष्मा काढला, पुसला आणि काडीचा दोरा घट्ट केला. मग म्हणाला, उद्या नंदिनी गावच्या खाणीवाल्यांसाठी नवी शिशी फुटणार आहे, त्यातली एक सुई उरते. एकच. तुमच्या घरच्या दोघींपैकी कोण, ते घरी ठरवून या.

घरी ठरवायचं म्हणजे काय झालं ते ऐका. मी म्हटलं तुला, ती म्हणाली तुम्हाला. मी म्हटलं तुला सातवा, ती म्हणाली तुम्हाला दमा. दुपारपर्यंत त्या खोलीत इतके नको झाले की अन्नपूर्णाला भात वाढला तर तिला भातही नको म्हणावा की काय कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेलो. मी मनाशी ठरवून गेले होते की सिंधूचा दंड धरायचा आणि डॉक्टरपुढे करायचा. पण डॉक्टरनं मला पडद्याआड बोलावलं आणि विचारलंच नाही. मी पदर सावरते आहे तोवर टोचून मोकळा. म्हणाला झालं, लस संपली. टोचलेली सुई परत काढता येत नाही. तुमच्या लेकीला त्यानं ताकदीची सुई दिली, पोटुशा बायकांना देतात ती. तर विहीणबाई, आता मनातल्या मनात म्हणा काय म्हणायचं ते: साऱ्या लाईनीला न्याय शिकवणाऱ्या ठकूबाईनं गर्भार सुनेची सुई आपल्या दंडात घालून घेतली. म्हणा. खरं सांगते, फारसं वाईटही वाटलं नाही. लेकीचे लाडही पाहा, नुसत्या ताकदीच्या सुईनं दोन दिवस तिचा दंड ठणकत होता आणि अंगात कणकण होती. मला लसीनं काहीच झालं नाही. आमच्या वेळची हाडं.

असो. आवाज बसला ओरडून. मारोतराव म्हणतात, पत्र छान झालं पण मुकादमाचं वर्णन कमी पडलं. व्याहीबुवांना नमस्कार, पुंडलिकाच्या लेकरांना पाठीवरून हात.

तुमची सुईखाऊ विहीण,
ठकूबाई

ता. क. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे धडपे असतील तर पाठवा, लेकराच्या दुपट्यांना. नवं कापड नको. (हे नको खरं आहे.) लाखोळीची डाळ पाठवली तर परत करणार नाही.

ता. क. आई, हे मी सिंधू माझ्या मनानं लिहिते आहे. आत्याबाई समोर बसल्या आहेत, त्यांना वाटतं आहे मी पत्ता लिहिते. आई, त्यांना नावं ठेवू नकोस. सुई त्यांनी घेतली नाही, मी घ्यायला लावली. आदल्या दुपारी शकुमावशीला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, मागचा हिवाळा त्यांनी बसून काढला आहे, उशीला डोकं टेकता आलं नाही. त्यांना विचारूच नका, विचाराल तर नको म्हणतील. सरळ टोचा, आणि मला दुसरी कसलीही द्या म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. त्यांना हे माहीत नाही, पुंडलिकदादाला सांग की इकडे लिहिताना चुकूनही लिहू नये. बाकी मी बरी आहे. फक्त आत्याबाई मिठावरून खरंच रुसल्या आहेत, परवापासून गल्ली ओलांडून येत नाहीत आणि मी गेले तर दुरूनच हाकलतात. वरणात मीठ होतं गं. मी स्वतः चाखलं होतं.

ता. क. हे केवलराम पॉइंट्समन लिहून राहिला, दुर्ग ठेसनावर. ठकूबाईनं मले काल सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कानामात्रा माझा.

विहीणबाई, पाकीट सिंधूनं भाताच्या शितानं चिकटवलं होतं, शीत ओलंच होतं, म्हणून केवलरामले उघडता आलं. मले अक्षर येत नाही, पण मी सांगणं बंद केल्यावर तिचा टाक किती वेळ चालला ते मले दिसते. लाखनीचा पत्ता एवढा लांब नाही. केवलराम म्हणे वाचून दाखवू का, म्या म्हटलं नको, मायलेकीचं आहे. आन् काय लिहिलं असन ते मले ठाऊक आहे, कावून का शकुबाईच्या पोटात काही राहत नाही. सिंधू डॉक्टरकडून आली आन् त्याच सांजेले शकुबाईनं मले सगळं सांगितलं. म्या तिलेच उलट्या पावली धाडलं, का डॉक्टरले म्हणा, पोरगी सांगते तसंच झालं असं तिले वाटू द्या, फक्त सुया बदलवा. ताकदीची मले, लस तिले. यादीत तिचं नाव माझ्या वर होतं आन् यादी म्याच केली होती. डॉक्टर म्हणे, तुम्ही दोघी मिळून मले नोकरी सोडायले लावान. पण केलं त्यानं. म्हणून तिचा दंड ठणकला.

तिचे पंधरा दिवस परवाच भरले. आन् परवाच मले ताप आला. वरणात मीठ होतं. तिच्या जवळ जाऊ नये म्हणून रुसली मी. देवीदासले सांगितलं नाही, त्याच्या तोंडावर सगळं दिसते. दमा आहे, ताप आहे, शकुबाई गोळ्या देते, काय होईन ते होईन. पण नववा लागन तवा त्या घरात कोणी बाईमाणूस पायजे, आन् ती गाडीत बसू शकत नाही.

मले माहीत आहे, लेकीच्या घरी तुम्ही पाणीबी पीत नाही. मले माहीत आहे, तुम्ही आधी नको म्हणान, मग व्याहीबुवाच्या खोकल्याचं सांगान, आन् म्या तिसऱ्यांदा बोलवाची वाट पाहान. पुंडलिका, हे हळू वाच, पण दोनदा वाच. विहीणबाई, माझ्याजवळ तीनदा बोलवाले वेळ आहे का नाही, मले माहीत नाही. एकदाच बोलावून राहिली. नळावर तुमचा गुंड पहिला लावते. या खेपी पहिल्यांदाच हो म्हणजा.